थोरल्या काकांचा व्हॉल्व्हचा हॅम रेडिओ : वीज जोडण्याआधी सल्ला हवा

माळवद (अंबाजोगाई)

नमस्कार. आमच्या वाड्यातील माळवदाची खोली यंदा पावसाआधी रिकामी करावी लागली आणि त्या निमित्ताने थोरल्या काकांचा रेडिओ बावीस वर्षांनी कापडाबाहेर आला. काका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असत आणि परवानाधारक हौशी रेडिओचालक होते. काकूंनी संच माझ्या हवाली करताना एवढेच सांगितले की चालू झाला तर उत्तम, नाही झाला तरी तो मोडीत घालायचा नाही.

संच म्हणजे शिकागोच्या हॅलिक्राफ्टर्स कंपनीचा एस-४०बी हा रिसीव्हर आहे. मॉडेल १९५० च्या सुमाराचे असून रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह) धरून आठ व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, आहेत आणि मीडियम वेव्हच्या ५४० किलोहर्ट्झपासून शॉर्टवेव्हच्या वरच्या टोकापर्यंत चार पट्ट्या आहेत. अमेरिकेतील वीज ११७ व्होल्टची असल्यामुळे काकांनी त्याच्याजवळ २३० चे ११५ करणारा लोखंडी पेटीतील स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर ठेवला होता, तोही सापडला. शेजारी एका पत्र्याच्या कपाटवजा पेटीत काकांनी स्वतः बांधलेला ट्रान्समीटर आहे. त्यात ८०७ क्रमांकाचा एक मोठा व्हॉल्व्ह दिसतो.

अवस्था अशी आहे की चॅसीवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) माळवदाची पांढरी माती बोटभर साचली आहे, एका कोपऱ्यात उंदरांनी घर केले होते आणि मेन वायरचे रबर हात लावताच भुग्यासारखे गळते. रेक्टिफायरचा ५वाय३ व्हॉल्व्ह जागेवर नाही. त्या सॉकेटमध्ये फुटलेल्या व्हॉल्व्हचे नुसते बूड खोचलेले आहे आणि त्यावर दोन काळे डायोड व एक पांढरा सिरॅमिक रेझिस्टर डाग देऊन बसवलेला आहे. कोणा मेकॅनिकने केलेला हा जुगाड काढून टाकून तेथे अस्सल ५वाय३ बसवावा, असा माझा विचार आहे. त्याआधी नवी वायर लावून आणि स्टेप-डाऊनमधून वीज देऊन संच जिवंत आहे की नाही एवढे पाहिले, तर चालेल का?

सिरीज बोर्ड (नांदेड)

चालणार नाही, आणि का चालणार नाही ते सविस्तर लिहितो, कारण नांदेडला एकतीस वर्षे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवताना माझ्याकडे आलेले निम्मे जळके संच "एकदा लावून पाहिलेले"च असत.

त्या काळातील मेणकागदी कंडेन्सर वरून शाबूत दिसले तरी त्यांचा कागद इतक्या वर्षांत ओल पितो आणि कंडेन्सर थोडी थोडी डीसी वीज पलीकडे सोडू लागतो. बाकीच्या ठिकाणी याने फार तर आवाज बिघडेल, परंतु आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे तुमच्या संचात ६के६ च्या, ग्रिडला (करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीला) जो कंडेन्सर जातो तो गळका असेल तर ग्रिडवर धन व्होल्टेज येते, व्हॉल्व्हमधून बेसुमार करंट वाहतो, आणि व्हॉल्व्हबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. व्हॉल्व्ह एक वेळ मिळेल, पण तो ट्रान्सफॉर्मर कोणाकडून गुंडाळून घेणार? म्हणून मेणकागदी कंडेन्सर मोजत बसू नका, सरसकट सगळे बदला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर अजून सहज मिळतात. संभाजीनगरला न मिळाले तर हैदराबादेत कोटीच्या गुजराती गल्लीत मिळतील. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही वाळलेले असणारच, तेथे ४५० व्होल्ट, १०५ अंशांचे घाला. चपटे मायका कंडेन्सर मात्र सहसा चांगले असतात, त्यांना हात लावू नका.

वीज द्याल ती सिरीज बोर्डमधूनच द्या. फेजच्या वायरीत साधा १०० वॅटचा तारेचा बल्ब घ्यायचा. एलईडी बल्ब येथे कामाचा नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकभकून पेटतो आणि संच वाचतो. सर्व ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो.

शेवटचे म्हणजे तो स्टेप-डाऊन. त्याच्या इनपुट आणि आउटपुटच्या पिना मल्टिमीटरने तपासा. दोहोंत कंटिन्युइटी (अखंड जोड) दाखवत असेल तर तो ऑटो ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे संच मेन लाइनपासून वेगळा झालेला नाही. अशा ट्रान्सफॉर्मरची सामाईक तार आत तुटली तर ११५ च्या जागी पुरे २३० व्होल्ट संचात जातात. मी असा एक संच धुरात गेलेला पाहिला आहे आणि तो गिऱ्हाइकाचा होता, हे अधिक वाईट.

दुधना (सेलू)

चॅसीच्या खालच्या बाजूची छायाचित्रे टाकावीत, आणि तीही कोणतीही तार हलवण्याआधी.

गोदाकाठ (पैठण)

मला विजेतले फारसे कळत नाही, पण वडिलांचा जुना रेडिओ स्वच्छ करताना केलेली एक चूक सांगतो. डायलच्या काचेवरील आकडे काचेच्या आतल्या बाजूला छापलेले असतात आणि सत्तर वर्षांनंतर ते नुसत्या ओल्या फडक्यानेही निघून येतात. मी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि ४१ मीटरपासून ३१ मीटरपर्यंतचा सर्व प्रदेश पुसून टाकला. काच पुढून पुसावी, मागून नुसता मऊ कुंचला फिरवावा. माती काढण्यासाठीही आधी कोरडा कुंचला आणि ब्लोअरच वापरावा, कारण पांढरी माती ओली झाली की गँगच्या, म्हणजे ट्यूनिंगच्या फिरत्या कंडेन्सरच्या, पात्यांमध्ये चिखल होऊन बसते.

माळवद (अंबाजोगाई)

सर्वांचे आभार. वीज जोडलेली नाही. छायाचित्रे वर टाकली आहेत. कुंचल्याने माती काढली, उंदरांच्या मुतामुळे गंजलेला कोपरा बारीक पॉलिश पेपरने घासून घेतला. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन एका ओळखीच्या वायरमनकडून मेगरने तपासून घेतले, ते उत्तम आहे. मे महिन्यातल्या माळवदाच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग झाला म्हणायचे. स्टेप-डाऊन ऑटोच निघाला.

एकूण अकरा मेणकागदी कंडेन्सर बदलले. जुने काढून मोजले तेव्हा एकही धड निघाला नाही. कार्बन रेझिस्टरांपैकी सहा त्यांच्यावर छापलेल्या ओहमपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक वर चढले होते, तेही बदलले. मेन वायर तीन तारांची लावून चॅसीला अर्थिंग दिले आणि फ्यूज बसवला. मेन लाइनपासून चॅसीकडे जाणाऱ्या कंडेन्सरच्या जागी साधा न घालता वाय वर्गाचा सेफ्टी कंडेन्सर घातला. आता ५वाय३ मागवतो आहे.

जुने कंडेन्सर पोखरून त्यांच्या मेणाच्या नळकांड्यात नवे लपवण्याची पद्धत परदेशी संग्राहक वापरतात असे वाचले. ते करावे का?

सिरीज बोर्ड (नांदेड)

प्रदर्शनात ठेवायचा असेल तर करावे. ऐकायचा असेल तर कशासाठी? दुरुस्ती दुरुस्तीसारखी दिसली तर पुढच्या माणसाला काय बदलले आहे ते कळते.

ओहम (छत्रपती संभाजीनगर)

माळवद, तुमच्या छायाचित्रातील डायोडची जोडी मी मोठी करून पाहिली. ते बीवाय-१२७ आहेत आणि सिरॅमिक रेझिस्टरवर ४७० ओहम, १० वॅट असे स्पष्ट वाचता येते. ५वाय३ मागवण्याआधी या रेझिस्टरचा थोडा विचार करावा, कारण हे घाईने लावलेले काम मला वाटत नाही.

५वाय३ मध्ये वीज वाहताना बरेच व्होल्टेज व्हॉल्व्हमध्येच पडते. सिलिकॉन डायोडमध्ये जेमतेम एक व्होल्ट पडते. म्हणून नुसते डायोड घातले तर पुढचे एचटी (व्हॉल्व्हना लागणारे उच्च डीसी) व्होल्टेज चाळीसेक व्होल्टने वाढते आणि सगळे व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त तापतात. आता ४७० ओहममधून ८० मिलिअँपिअर वाहिले तर साडेसदतीस व्होल्ट पडतात, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये जेवढे पडले असते साधारण तेवढेच. उष्णता होते ३ वॅट आणि रेझिस्टर घेतला आहे १० वॅटचा. ज्याने हे केले त्याने आधी कागदावर आकडे मांडले होते.

आणखी एक गोष्ट. ५वाय३ चा फिलामेंट ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे १० वॅट घेतो. डायोड लावल्यावर हे १० वॅट ट्रान्सफॉर्मरवरून उतरतात. ६० सायकलसाठी (हर्ट्झसाठी) गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० सायकलवर जास्त तापतो, कारण त्याच व्होल्टेजला गाभ्यातील चुंबकीय भार वाढतो. अशा ट्रान्सफॉर्मरला १० वॅटची सुटका म्हणजे उन्हाळ्यात मिळालेली सावलीच.

दोष एकच आहे. ५वाय३ तापायला निदान काही सेकंद घेतो, आणि बाकीच्या व्हॉल्व्हना तापून करंट घेऊ लागायला दहा-पंधरा सेकंद लागतात. डायोड मात्र बटण दाबताक्षणी पूर्ण व्होल्टेज देतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत करंट वाहत नसल्याने ४७० ओहममध्ये काहीही पडत नाही आणि फिल्टर कंडेन्सरवर शिखर व्होल्टेज येते. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचे (आउटपुटच्या गुंडाळीचे) एका बाजूचे एसी व्होल्टेज मोजून कळवा.

माळवद (अंबाजोगाई)

व्हॉल्व्ह काढून, सिरीज बोर्डशिवाय, मेन अचूक २३० असताना मोजले. एका बाजूला २७५ व्होल्ट आहेत.

आपला हिशेब मान्य आहे, तरीही माझे मन अस्सल व्हॉल्व्हकडेच ओढ घेते. संच कंपनीतून जसा निघाला तसा करणे म्हणजेच पुनरुज्जीवन, असे मी समजत होतो.

ओहम (छत्रपती संभाजीनगर)

२७५ ला १.४१ ने गुणल्यास ३८८ व्होल्ट होतात. ४५० चा कंडेन्सर हे सहन करील. परंतु तुमच्याकडे रात्री शेतीपंप बंद झाल्यावर व्होल्टेज किती चढते? २५५ झाले तर सेकंडरी ३०५ वर जाईल आणि शिखर ४३० वर. हे काठावरचे आहे. स्टेप-डाऊनच्या आधी एक स्टॅबिलायझर ठेवावा, मग डायोड राहिले काय आणि व्हॉल्व्ह आला काय, फिल्टरची चिंता नाही.

अस्सलपणाबद्दल माझे मत वेगळे आहे. कंपनीतून निघाला तेव्हा तो तुमच्या काकांचा नव्हता.

सातमेगा (लातूर)

उशिरा येत आहे, पण त्या ट्रान्समीटरबद्दल कोणीच बोललेले नाही म्हणून लिहितो.

रिसीव्हरच्या नादात त्या पेटीलाही "पाहू तरी" म्हणून वीज देऊ नका, याला दोन कारणे आहेत. पहिले कायद्याचे. बिनतारी उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगण्यावर १९३३ च्या कायद्यापासून बंधन आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट कायम आहे. काकांचा परवाना काकांबरोबर संपला. कॉलसाइन (रेडिओचालकाचे ओळखचिन्ह) वारसाने मिळत नाही. आपण स्वतः परीक्षा देऊन परवाना घ्यावा हा राजमार्ग आहे. वयाची अट अवघी १२ वर्षांची आहे आणि प्रतिबंधित श्रेणीचा अभ्यासक्रम भौतिकशास्त्रज्ञाच्या पुतण्याला जड जाऊ नये. तोवर ती पेटी एखाद्या परवानाधारकाच्या ताब्यात लेखी देऊन ठेवणे श्रेयस्कर.

दुसरे कारण जिवाचे आहे. जुन्या रिसीव्हरमधील ६के७ सारख्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर जी धातूची टोपी असते ती ग्रिडची असते, आणि तिला चुकून बोट लागले तर फार तर स्पीकरमधून गुरगुर ऐकू येते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला ही सवयच लागलेली असते. ८०७ च्या डोक्यावरची टोपी मात्र ॲनोडची असते. तेथे सहाशे-सातशे व्होल्ट असतात, आणि कंडेन्सरमधला साठा रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल तर प्लग काढल्यानंतरही बराच वेळ असतात. दोन्ही व्हॉल्व्ह शेजारी ठेवले तर अनोळखी माणसाला टोपीत काडीचा फरक दिसणार नाही.

एक अवांतर. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. नंतर हौशी रेडिओचालकांनी तेथून निरोप पोहोचवल्याच्या हकिकती ऐकल्या आणि त्यातूनच पुढे मी परवाना घेतला. आपले काका त्या पिढीतले. त्यांची लॉगबुके असतील तर कृपया जपावीत. परवानाधारकाला प्रत्येक संपर्काची नोंद ठेवावी लागत असे आणि पुष्कळ जण त्याच वहीत दुरुस्तीचेही लिहीत.

माळवद (अंबाजोगाई)

सातमेगा यांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत कळत नाही. लॉगबुके काकूंच्या लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांखाली होती. एकूण सात वह्या आहेत. १९७४ च्या वहीत फेब्रुवारीच्या एका पानाच्या समासात काकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे : "५वाय३ गेला. हैदराबादेत नाही, मुंबईहून पत्राचे उत्तर नाही. दोन बीवाय-१२७ बसवले. एचटी ४० ने जास्त. ४७० घातला, बरोबर. ट्रान्सफॉर्मर आता हाताला सोसतो."

ज्याला मी मेकॅनिकचा जुगाड म्हणालो ते काकांचे काम होते. ५वाय३ ची मागणी रद्द केली आहे. रेझिस्टर मोजला, ४७६ ओहम आला. तो आणि डायोड जागेवरच ठेवले असून नव्या फिल्टर कंडेन्सरांवर मी तारीख घातली आहे आणि त्याच वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात काय काय बदलले ते लिहिले आहे.

ट्रान्समीटरची मेन वायर कापून टाकली आहे. पेटी कोणाकडे द्यावी याबाबत सातमेगा यांना स्वतंत्र निरोप पाठवत आहे.

काल रात्री सिरीज बोर्डमधून पहिल्यांदा वीज दिली. बल्ब उजळला, मंद झाला. सगळे फिलामेंट लागले, ६के६ च्या ग्रिडवर धन व्होल्टेज नाही, एचटी योग्य आहे. फक्त आवाज नाही. स्पीकर मल्टिमीटरवर चांगला दाखवतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजू चांगल्या आहेत. तरी स्पीकरमधून साधी खरखरही येत नाही.

सिरीज बोर्ड (नांदेड)

ट्रान्सफॉर्मर चांगला, स्पीकर चांगला, तर दोष दोहोंच्या मधल्या वाटेत आहे. त्या वाटेत काय काय येते ते एकेक करून पाहा.

माळवद (अंबाजोगाई)

वाट काकूंनी दाखवली. मी चॅसी उलटी करून बसलो होतो, तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "ह्यांनी तो कधी मोठ्याने लावलाच नाही. पोरांची झोपमोड नको म्हणून रात्री कानाला यंत्र लावून ऐकायचे. मला तर त्याचा आवाज कसा आहे तेही ठाऊक नाही."

मागच्या बाजूला हेडफोनचा जॅक आहे. त्यात पिन घातली की एक पातळ पत्ती उचलली जाऊन स्पीकर तुटतो आणि पिन काढली की पत्ती परत टेकते. वर्षानुवर्षे पिन आत राहिल्याने पत्ती वाकून तशीच उचललेली राहिली होती आणि टोकावर काळा थर चढला होता. पत्ती चिमट्याने हलकेच वाकवली, कॉन्टॅक्ट क्लीनर लावून मधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढली. बँडच्या स्विचलाही तोच क्लीनर दिला.

आज सकाळी अंगणात आंब्याला तार बांधून एरियल केली. पहिल्यांदा परभणी आकाशवाणी लागली, १३०५ किलोहर्ट्झ. काकू ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले, बातम्या संपेपर्यंत ऐकले आणि मग आवाज थोडा कमी करायला सांगितला.

संध्याकाळी तिसऱ्या पट्टीवर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास गेलो. आधी नुसता बदकासारखा आवाज येत होता. नंतर बीएफओ (असे आवाज उलगडण्यासाठी संचातच असलेला ऑसिलेटर) चालू केला, सेन्सिटिव्हिटी उतरवली, व्हॉल्यूम चढवला, आणि बीएफओचे बटण केसभर फिरवताच बदकाचा माणूस झाला : कोणी दोघे हौशी रेडिओचालक आपापल्या गावच्या पावसाविषयी हिंदीत बोलत होते. घरातील एलईडी दिवे बंद केल्यावर ते अधिकच स्पष्ट झाले.

एक प्रश्न उरला आहे. त्यांच्यापैकी एकाने आपण ७.१०० वर असल्याचे सांगितले, माझा काटा मात्र ७.२५ च्या जवळ आहे. ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफ कॅनना (आतल्या मधल्या टप्प्याच्या कॉइलच्या डब्यांना) हात लावलेला नाही. ऑसिलेटरचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा कंडेन्सर) फिरवून काटा जुळवू का?

सिरीज बोर्ड (नांदेड)

ट्रिमरला स्क्रू ड्रायव्हर लावण्याआधी सांगा, शेजारच्या बँडस्प्रेडच्या (बारीक ट्यूनिंगच्या) डायलचा काटा कोठे आहे? मुख्य डायलचे आकडे बँडस्प्रेडचा गँग पूर्ण उघडा असतानाच खरे असतात. तो मिटत गेला की त्याची भर पडते आणि मुख्य काटा तेवढा वर दाखवतो.

माळवद (अंबाजोगाई)

मध्यावर होता. टोकाला नेऊन पुन्हा ट्यून केले, काटा ७.१० च्या खुणेवर आला.